नको असलेली लहर आणि रांगेची ताकद



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हे गृहस्थ आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवत आले, यांचा चिप आणि सर्किटशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी संबंध सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

गेली काही वर्षं मी कानाला यंत्र लावतो. तेव्हा माझ्याकडे जुन्या पद्धतीचा, म्हणजे जीएसएमवर चालणारा साधा मोबाईल होता. एका रात्री भाच्याचा फोन आला. फोन कानाजवळ नेला आणि यंत्रात टर्र-टर्र-टर्र सुरू झालं. मधूनमधून 'आई' एवढाच शब्द ऐकू येत होता. मला वाटलं, आईचा निरोप असेल काहीतरी. मी आपलं "बरं बरं, उद्या बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. तो सांगत होता की त्याच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, दवाखान्यात हलवलंय आणि तुम्ही ताबडतोब निघा. मी पोचलो दुसऱ्या दिवशी. ती सुखरूप घरी आली, पण ती रात्र माझ्या डोक्यातून गेली नाही.

भाचा सर्किट बोर्डाची रचना करण्याचं काम करतो. नंतर त्यानं मला समजावलं, "मामा, यात फोन बिघडलेला नाही आणि कानयंत्रही बिघडलेलं नाही. दोघं आपापलं काम नीट करताहेत. पण एकाचं काम दुसऱ्याच्या अंगणात सांडतंय." तो फोन सलग बोलत नाही, तुकड्यातुकड्यांनी प्रक्षेपण करतो, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. कानयंत्रातली इवलीशी तार त्याची अँटेना बनते, आतला ॲम्प्लिफायर ते धक्के आवाज म्हणून वाढवतो, आणि मला ऐकू येते ती २१७ हर्ट्झची टर्रटर्र.

हे समजून घ्यायला म्हणून मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका फार सुंदर कल्पनेपाशी येऊन पोचलो. आज ती कल्पना सांगायची आहे.

'नको असलेली' म्हणजे काय?

इंग्रजीतून आलेला 'नॉइज' हा शब्द इंजिनियर मंडळी सर्रास वापरतात. आपण त्याला गोंगाट म्हणू. पण जरा थांबा. मॅक्सवेलची समीकरणं घेतली तर त्यांत गोंगाट नावाचं काही नाही. तिथे फक्त लहर आहे. ही हवी आणि ही नको, हे निसर्ग सांगत नाही, ते आपण ठरवतो. ज्वारीच्या शेतात उगवलेला गहू हेही तणच ना! त्याचा दोष गहू असण्यात नाही, चुकीच्या वावरात असण्यात आहे.

चिपमध्ये नेमकं काय होतं ते बघा. तिच्यात कोट्यवधी, आता तर अब्जावधी, सूक्ष्म बटणं असतात. क्लॉक नावाचा एक ताल चालू असतो आणि त्या तालावर ही बटणं उघडझाप करतात. बरीच बटणं एकाच क्षणी उघडली की वीज एकदम ओढली जाते. वीज नेणाऱ्या प्रत्येक वाटेला थोडं जडत्व असतं, त्याला इंडक्टन्स म्हणतात. एक नॅनोहेन्री, म्हणजे साधारण मिलिमीटरभर तारेचं जडत्व, एवढं धरा. त्यातून एका नॅनोसेकंदात एक अँपियरचा बदल झाला तर एक व्होल्टचा धक्का बसतो. चिपचा सगळा पुरवठाच साधारण एक व्होल्टचा असतो, आणि त्यात शेकडा पाच, म्हणजे ५० मिलिव्होल्ट, एवढाच फरक चालतो असं धरून रचना केली जाते. एकाच नळावर सगळ्या वाड्यानं एकदम तोटी सोडली तर वरच्या मजल्यावर काय होतं, ते आठवा.

हा धक्का तिथल्या तिथे विरला असता तर प्रश्न नव्हता. पण बोर्डात तांब्याचे दोन पत्रे समोरासमोर असतात, एक पुरवठ्याचा आणि एक ग्राउंडचा. त्या दोघांमधली सपाट पोकळी म्हणजे तबल्याची पुडीच. धक्का बसला की ती वाजते. किती हर्ट्झवर वाजते, याचा हिशेब सोपा आहे. बोर्ड १० सेंटिमीटरचा आणि नेहमीच्या फायबरग्लासचा असेल, तर पहिला सूर सुमारे ७०० मेगाहर्ट्झवर लागतो. त्याच्या वर आणखी सूर असतातच.

आता दुसरी गोष्ट. क्लॉकचा ताल चौकोनी असतो, आणि चौकोनी लहरीच्या पोटात तिच्या पटींतल्या अनेक लहरी दडलेल्या असतात. समजा क्लॉक ९८ मेगाहर्ट्झचा आहे. त्याची पंचविसावी पट किती? २४५०. हा आकडा ओळखीचा वाटतो का? वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलतात. त्याच फोनात उपग्रहाकडून स्थान विचारणारा रिसीव्हरही असतो. तो १५७५.४२ मेगाहर्ट्झवर कान लावून बसतो आणि त्याच्यापर्यंत पोचणारी शक्ती असते एका वॅटच्या दहा हजार लाख कोटीव्या भागाएवढी, म्हणजे एकावर सोळा शून्यं दिली की जो आकडा होतो तितकावा भाग. शेजारच्या खोलीत ढोल-ताशाचं पथक सराव करतंय आणि इथे तुम्ही मुंगीची चाहूल घेताय, अशी ही स्थिती आहे. रुग्णवाहिका वाट शोधते ती याच रिसीव्हरच्या भरवशावर.

रांजण आणि त्याची मर्यादा

यावर जुना उपाय म्हणजे कपॅसिटर. नळाला पाणी कमी पडतं तर दाराशी रांजण भरून ठेवा, तसा हा विजेचा छोटा साठा चिपच्या अगदी शेजारी ठेवायचा. उपाय उत्तम आहे, आजही पहिला उपाय हाच. पण रांजणातून पाणी काढायलाही वाट लागते, आणि त्या वाटेला पुन्हा तेच जडत्व असतं. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या वाटेचा एक नॅनोहेन्री धरला, तर सुमारे १६ मेगाहर्ट्झच्या पुढे तो कपॅसिटरसारखा वागायचा थांबतो. एक गिगाहर्ट्झला तर तो सहा ओहमची अडचणच होऊन बसतो. छोटे आणि अधिक जवळचे कपॅसिटर लावून ही हद्द काही शे मेगाहर्ट्झपर्यंत ढकलता येते. त्यापुढे मात्र दुसरं काहीतरी हवं. आणि इथे आपली आजची कल्पना येते.

माद्रिदमधलं शिल्प

ती कल्पना मी विजेवरून न सांगता आवाजावरून सांगतो, कारण आवाज आपल्या ओळखीचा आहे.

माद्रिद शहरात एउसेबिओ सेम्पेरे या शिल्पकाराचं एक शिल्प उघड्यावर उभं आहे. स्टीलच्या पोकळ नळ्या गोल चौथऱ्यावर उभ्या रोवल्या आहेत, बस्स. नळीचा व्यास २.९ सेंटिमीटर, आणि एका नळीपासून दुसरी १० सेंटिमीटरवर, चौकटीत. हिशेब केला तर शंभरातले जेमतेम सात भाग जागा नळ्यांनी व्यापली आहे, बाकी सगळी मोकळी हवा. १९९५ साली काही स्पॅनिश शास्त्रज्ञांनी या शिल्पाच्या एका बाजूला आवाज सोडला आणि दुसऱ्या बाजूला मोजला. १६७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज पलीकडे पोचताना एकदम घटलेला आढळला.

भिंत नाही, दार नाही, वारा आरपार जातो, आपण पलीकडचं दृश्य बघू शकतो. मग तेवढाच सूर अडला कसा?

एक नळी घ्या. तिच्यावर आवाज आदळला की थोडासा परत फिरतो, अगदी थोडा. बाकीचा पुढे जातो. दुसऱ्या रांगेतूनही थोडा परत फिरतो. पण त्याला १० सेंटिमीटर पुढे जाऊन १० सेंटिमीटर मागे यावं लागतं, म्हणजे २० सेंटिमीटर जास्त. आता ज्या आवाजाची तरंगलांबी बरोबर २० सेंटिमीटर आहे, त्याचं काय होईल? दुसऱ्या रांगेतली लहर पहिल्या रांगेतल्या लहरीशी शिखरावर शिखर जुळवून येईल. तिसरीही. चौथीही. दहा लहरी कशाही विस्कळीत आल्या तर ऊर्जा साधारण दहापट होते. त्याच तालात आल्या तर लहरीची उंची दहापट, आणि ऊर्जा शंभरपट होते. ही ऊर्जा आकाशातून पडत नाही, ती पुढे जाणाऱ्या लहरीतून वजा होते. म्हणून पुढे जाणारी लहर रांगेगणिक क्षीण होत जाते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर २० सेंटिमीटरची लहर म्हणजे १७०० हर्ट्झ. मोजलेला आकडा होता १६७०. बघा किती जवळ!

समजा प्रत्येक रांग निम्मी ऊर्जाच पुढे सोडते. पाच रांगांनंतर बत्तिसावा भाग उरेल, दहा रांगांनंतर एक हजार चोविसावा. एकटी नळी कुणालाच अडवत नाही. अडवते ती रांग, आणि तीही अंतर नेमकं असेल तर.

शंभर वर्षांचा प्रवास

ही गोष्ट नवी नाही. लॉर्ड रॅले यांनी १८८७ साली, थरांनी बनलेल्या माध्यमातून लहर जाताना काही पट्टे पूर्ण अडतात, हे गणितानं दाखवलं होतं. १९१२-१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरण आणि स्फटिक यांच्याबाबत हाच नियम वापरला. अणूंच्या रांगा म्हणजे निसर्गानंच उभं केलेलं शिल्प. १९१५ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता. पुढे १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी इलेक्ट्रॉनही स्फटिकात लहरीसारखेच वागतात हे मांडलं, आणि इलेक्ट्रॉनांनाही निषिद्ध पट्टे असतात हे स्पष्ट झालं. आपल्या सगळ्या चिपा ज्या सिलिकॉनवर उभ्या आहेत, त्याचं अर्धवाहकपण या निषिद्ध पट्ट्यातूनच आलंय.

रॅलेंच्या नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ साली, दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. एक, एली याब्लोनोविच. त्यांना लेझरमध्ये वाया जाणारा, नको तेव्हा बाहेर पडणारा प्रकाश थांबवायचा होता. दुसरे, केरळात जन्मलेले सजीव जॉन. त्यांना प्रकाश एका जागी कोंडून ठेवता येतो का, हे बघायचं होतं. एकाला प्रकाश नको होता, दुसऱ्याला तो अडकवून ठेवायचा होता, आणि उत्तर दोघांना एकच सापडलं: त्रिमितीय आवर्ती रचना. मगाशी म्हटलं ना, हवं-नको आपलं असतं.

पण प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. इतकी बारीक रचना तेव्हा कोण करणार? इथे मॅक्सवेल मदतीला आले. त्यांच्या समीकरणांत स्वतःची अशी मोजपट्टी नाही. रचना दहा हजारपट मोठी करा, तरंगलांबीही तितकीच मोठी घ्या, वागणूक तीच राहते. म्हणून याब्लोनोविच यांनी मिलिमीटरच्या मापात, एका ठोकळ्याला तीन तिरप्या दिशांनी भोकं पाडून, सूक्ष्मलहरींवर १९९१ मध्ये ही गोष्ट सिद्ध केली. निसर्गानं मात्र प्रकाशाच्या मापात ती केव्हाच केली होती. मोरपिसात निळं रंगद्रव्य नाही. तिथे तपकिरी मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरानं रचलेल्या आहेत, आणि आपल्याला दिसतो तो त्या अंतराचा रंग.

चिपच्या दारात अडचण

आता हे तंत्र सर्किटात आणू. २.४ गिगाहर्ट्झची लहर हवेत १२.५ सेंटिमीटर लांब. बोर्डाच्या फायबरग्लासमध्ये ती जवळपास निम्मी होते, सहा सेंटिमीटर. तिला अडवायला रांगांतलं अंतर तिच्या निम्मं, म्हणजे तीन सेंटिमीटर हवं. आणि पाच-दहा रांगा हव्यात! चिप असते एक सेंटिमीटरची. म्हणजे अंगणात वडाची राई लावण्यासारखं झालं.

या अडचणीतून वाट काढली डॅन सीव्हनपायपर यांनी. हे याब्लोनोविच यांचेच विद्यार्थी. १९९९ मध्ये त्यांनी जी रचना प्रसिद्ध केली तिला मंडळी लाडानं 'मश्रूम' म्हणतात, आपण अळंबी म्हणू. खाली तांब्याचा पत्रा, वर तांब्याचे छोटे चौकोनी तुकडे, आणि प्रत्येक तुकडा मधोमध एका उभ्या दांडीनं खालच्या पत्र्याला जोडलेला. छत्री आणि दांडा. शेजारच्या दोन छत्र्यांमधली फट म्हणजे कपॅसिटर, आणि वरून दांडीतून खाली जाऊन शेजारच्या दांडीतून वर येणारी वाट म्हणजे इंडक्टन्स. झोका जसा आपल्या लयीतच झुलतो, तशी प्रत्येक जोडीला स्वतःची एक लय मिळते. त्या लयीच्या आसपासची लहर पृष्ठभागावरून पुढे सरकू शकत नाही.

यात फायदा काय झाला? आता अंतर तरंगलांबीच्या निम्मं असण्याची सक्ती उरली नाही. लय ठरवतात फट आणि उंची. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाला सुमारे दोन नॅनोहेन्री मिळतात. फटीचा कपॅसिटर ०.०५ पिकोफॅरड असेल तर लय १६ गिगाहर्ट्झच्या घरात येते. तोच दहापट केला, तर पाच गिगाहर्ट्झवर. म्हणजे तुकडे काही मिलिमीटरचेच राहतात.

२००० नंतरच्या वर्षांत संशोधकांनी हीच अळंबी पुरवठा आणि ग्राउंड यांच्या दोन पत्र्यांच्या मध्ये बसवून पाहिली, आणि मगाशी आपण ज्याला तबला म्हटलं त्याचा आवाज ठरलेल्या पट्ट्यात दबला. पुढे आणखी सोपी रीत आली. दांड्या नकोतच. पुरवठ्याच्या पत्र्यालाच नक्षी कापायची: मोठे चौकोन आणि त्यांना जोडणारे अरुंद पूल. स्थिर वीज पुलांवरून आरामात जाते, पण वेगानं थरथरणाऱ्या लहरीला तो अरुंद पूल जड जातो. एक जादा थरही लागत नाही, म्हणून स्वस्त.

फुकट काहीच नाही

आता इथे एक सावधगिरी. व्याख्यानात कल्पना सुंदर वाटते, पण बोर्ड बनवणाऱ्याला किंमत मोजावी लागते. माझा भाचा म्हणाला, "मामा, पत्रा कापला की माझे सिग्नल रडतात." का? कारण सिग्नल एका तारेतून जातो तेव्हा त्याची परतीची वाट खालच्या पत्र्यातून असते. पत्र्यात फट आली की परतीच्या वाटेला वळसा पडतो, आणि त्या वळशातून नवा गोंगाट जन्मतो. एक गोंगाट दाबायला दुसरा निर्माण केला, असं व्हायला नको.

दुसरं, ही रचना एका पट्ट्यापुरतीच काम करते. खालच्या शे-दोनशे मेगाहर्ट्झला रांजण, म्हणजे कपॅसिटरच लागतात.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आवर्ती रचना ऊर्जा खात नाही. ती परत पाठवते. आपल्या दारातली लहर आपण उगमाकडे ढकलली, ती संपली नाही. तिकडे कुठेतरी ती जिरवावी लागते, नाहीतर तिकडचं घर वाजत राहतं. प्रश्न दूर सारणं आणि प्रश्न सोडवणं यांत फरक असतो, हे आपल्याला सर्किटाबाहेरही माहीत आहे.

अभाव हा पदार्थ

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. आपल्याकडे वैशेषिकांनी सात पदार्थ मानले. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, आणि सातवा अभाव. 'जमिनीवर घट नाही' हे जे आपल्याला कळतं, ते ज्ञान कशाचं? नंतरच्या नैयायिकांनी यावर फार कसून विचार केला. ते म्हणाले, नुसतं 'नाही' म्हणू नका. कशाचा अभाव, तो प्रतियोगी सांगा. कुठे अभाव, तो अनुयोगी सांगा. तेव्हाच वाक्याला अर्थ येतो.

लगेच कुणी असं समजू नये की प्राचीन नैयायिकांना चिप ठाऊक होती. अजिबात नाही. असले दावे आपण करू नयेत, त्यानं दोन्हीकडची बदनामी होते. मला फक्त विचारातली शिस्त दाखवायची आहे. 'गोंगाट नको' ही मागणी नसते, तक्रार असते. कोणत्या पट्ट्यातला, बोर्डाच्या कोणत्या भागात, कोणत्या दिशेनं येणारा, किती पट कमी हवा, हे सांगितलं की ती मागणी होते, आणि मगच अळंबीची छत्री किती मिलिमीटरची हे ठरवता येतं. शिवाय इथला अभाव वस्तूंच्या रचनेतून घडवलेला आहे. तांबं तेच, फायबरग्लास तेच. नवीन आहे ते फक्त अंतर. एकेका तुकड्यात जो गुण औषधालाही नाही, तो त्यांच्या क्रमात आहे.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*सगळं सर्किट धातूच्या पेटीत का बंद करत नाहीत?*

करतात की. फोनाच्या आत पत्र्याच्या छोट्या डब्या असतात. पण पेटी बाहेरच्याला वाचवते. आत एकाच चिपवर गोंगाट करणारा आणि मुंगीची चाहूल घेणारा शेजारी शेजारी बसले असतील, तर पेटी काय करणार? उलट रिकामी पेटी स्वतःच घुमते. आणि फोन पूर्ण बंद केला तर तो बोलणार कसा?

*मोबाईलच्या लहरी अडवणारी स्टिकरं बाजारात मिळतात. त्यांत हेच तंत्र असतं का?*

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर स्पष्ट देतो. आत्ता आपण पाहिलं की अशी रचना ठरावीक पट्ट्यात, ठरावीक जागी, उगम आणि बाधित यांच्या मध्ये असेल तरच चालते. फोनाच्या पाठीवर चिकटवलेला रुपयाएवढा तुकडा यातलं काहीच करत नाही. आणि समजा त्यानं खरंच लहर अडवली, तर फोनाला टॉवर कमी ऐकू येईल आणि तो आणखी जोरानं प्रक्षेपण करेल. म्हणजे स्टिकर चालत नसेल तर पैसे वाया, आणि चालत असेल तर उलटा परिणाम. घेऊ नका.

*आता तुमच्या कानयंत्राचं काय?*

नवं यंत्र आणि नवा फोन घेतला, टर्रटर्र गेली. मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, पहिल्या शब्दापासून सगळं ऐकू आलं. बहीण विचारत होती, दादा व्याख्यानाला काय बोलणार आहे. तिला म्हटलं, तुझ्याबद्दलच बोलणार आहे.